आवर्तसारणीतले गण पाठ न करता कसे ओळखायचे

दहावीच्या उन्हाळी वर्गात पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारते. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत, कोणकोणते धातू बरणीतल्या बरणीत वितळलेले दिसतील? पारा सगळ्यांनाच येतो. मग वर्ग गप्प होतो. अशा वेळी मी फळ्यावर पहिल्या गणाचे, म्हणजे आवर्तसारणीतल्या पहिल्या उभ्या रकान्यातल्या मूलद्रव्यांचे, द्रवणांक लिहिते. लिथियम १८०.५ अंश सेल्सिअस, सोडियम ९७.८, पोटॅशियम ६३.५, रुबिडियम ३९.३, सिझियम २८.५. पारा चाळिशीच्या वर गेला की आपल्या गावात सिझियमच काय, रुबिडियमही पातळ होईल. तेराव्या गणातलं गॅलियम तर २९.८ अंशांनाच वितळतं, म्हणजे आपल्याकडे ते फेब्रुवारी-मार्चच्या दुपारीच पाणी पाणी झालेलं असेल.

फळ्यावरचे ते पाच आकडे मुलांना पाठ करावे लागत नाहीत, कारण ते जिन्यासारखे एकेक पायरी उतरत जातात. एका गणातली मूलद्रव्यं एका घरातल्या भावंडांसारखी असतात. स्वभाव तोच, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत तो हळूहळू वाढतो किंवा कमी होतो. हे ज्याला एकदा दिसलं त्याला गणांचे गुणधर्म स्वतः काढता येतात. म्हणून इथे गुणधर्मांची यादी न देता ते काढायची रीत सांगते आहे. चार संध्याकाळी पुरतात. लागतं ते एवढंच: जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू, पट्टी, पेन्सिल, खोडरबर. शिवाय घरातली हळद, मीठ, धुण्याचा सोडा, पानाला लावायचा चुना आणि जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध.

पहिली संध्याकाळ: चौकट आणि वीस मूलद्रव्यं

कॅलेंडरच्या पानामागे १८ उभे रकाने आणि ७ आडव्या ओळी आखा. उभा रकाना म्हणजे गण, आडवी ओळ म्हणजे आवर्त. पहिल्या ओळीत फक्त दोन घरं भरायची, पहिलं आणि अठरावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत १, २ आणि १३ ते १८ ही घरं ठेवून मधली दहा फुली मारून बंद करा. चौथ्या ओळीपासून पूर्ण रकाने वापरात येतात. ११८ मूलद्रव्यं भरायच्या मोहात पडू नका. सध्या हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची वीसच लिहा, पण प्रत्येकाच्या घरात नाव, अणुअंक आणि इलेक्ट्रॉन संरूपण (आतून बाहेर प्रत्येक कवचात किती इलेक्ट्रॉन ते) या तीनही गोष्टी हव्यात. सोडियमच्या घरात ११ आणि २, ८, १. क्लोरीनच्या घरात १७ आणि २, ८, ७.

पोटॅशियमपाशी निम्मी मुलं चुकतात. १९ इलेक्ट्रॉन आहेत आणि तिसऱ्या कवचात १८ मावतात हे पाठ असतं, म्हणून ती २, ८, ९ लिहितात. बरोबर संरूपण २, ८, ८, १ आहे. बाह्यतम कवचात आठापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन राहत नाहीत, त्यामुळे एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. ही एक चूक झाली की पोटॅशियमचा गण चुकतो आणि पुढचं सगळंच गडबडतं. म्हणून या घरावर लाल पेन्सिलीने खूण करा.

आता गण ओळखायचा नियम. संरूपणातला शेवटचा आकडा म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. तो १ किंवा २ असेल तर गणही तोच. तो ३ ते ८ असेल तर त्यात १० मिळवा. ॲल्युमिनियम २, ८, ३ म्हणजे गण १३. क्लोरीनचा शेवटचा आकडा ७, म्हणजे गण १७. आवर्त कळायला आकडे किती ते मोजायचं. ॲल्युमिनियमचे तीन आकडे, म्हणून आवर्त तिसरं. पुढच्या मूलद्रव्यांनाही हीच रीत चालते. ब्रोमीनचं संरूपण २, ८, १८, ७ आहे, म्हणजे चौथं आवर्त आणि सतरावा गण.

नियमाला दोन अपवाद आहेत आणि तेही आजच लिहून ठेवा. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, तरी तो अठराव्या गणात. त्याचं पहिलंवहिलं कवच दोनातच भरतं, त्यामुळे त्याची वागणूक बेरिलियमसारखी नसून निऑनसारखी असते. दुसरा अपवाद मधल्या दहा रकान्यांचा. लोखंडाचं संरूपण २, ८, १४, २ आहे, पण ते दुसऱ्या गणात नाही, आठव्या गणात आहे. गण ३ ते १२ मधल्या संक्रामक मूलद्रव्यांना वरचा नियम लावायचा नाही.

दुसरी संध्याकाळ: कारण

सोपा वाटतो म्हणून हा भाग मुलं गाळतात. मी मात्र यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण परीक्षेतले "शास्त्रीय कारणे लिहा" हे बहुतेक प्रश्न इथूनच सुटतात.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यात, संक्रांतीच्या दिवसांतल्या गर्दीत, आईचा हात धरून चाललेलं मूल आठवा. ते आईच्या अगदी जवळ असेल तर सहज ओढून नेता येणार नाही. तेच मूल आईपासून चार रांगा मागे पडलं, मध्ये माणसंच माणसं आली, तर जरा धक्का लागला तरी हरवेल. अणूच्या केंद्रकातला धन प्रभार म्हणजे आई, बाह्यतम इलेक्ट्रॉन म्हणजे ते मूल, आणि मधली कवचं म्हणजे मधली गर्दी. गणात वरून खाली येताना दर पायरीला एक कवच वाढतं. केंद्रकाचा प्रभारही वाढतो खरा, पण बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब जातो आणि आतले इलेक्ट्रॉन ती ओढ अडवतात. म्हणून खाली येताना अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची पकड ढिली पडते.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना उलट घडतं. सोडियमपासून क्लोरीनपर्यंत कवचं तीनच, पण केंद्रकातले प्रोटॉन ११ वरून १७ होतात. गर्दी तेवढीच आणि आईचा हात घट्ट, त्यामुळे अणू आक्रसत जातो.

एवढ्यावरून दोन निष्कर्ष काढा आणि कॅलेंडरच्या पानावर डाव्या-उजव्या कडेला बाण काढून लिहा. डावीकडचे धातू इलेक्ट्रॉन देऊन टाकतात, म्हणून गणात खाली जाल तसं देणं सोपं होतं आणि अभिक्रियाशीलता वाढते. उजवीकडचे अधातू इलेक्ट्रॉन घेतात. खाली जाल तसं घेणं अवघड होतं, म्हणून तिथे अभिक्रियाशीलता कमी होते. डाव्या कडेचा बाण खाली आणि उजव्या कडेचा वर. अठरावा गण या बाणांमध्ये येत नाही, त्याला देणं-घेणं नकोच असतं.

तिसरी संध्याकाळ: घरात सापडणारे गण

पहिला गण, अल्क धातू. एकच संयुजा इलेक्ट्रॉन, तो देऊन मोकळं व्हायची घाई. हे धातू सुरीने कापता येतात इतके मऊ असतात. हवा आणि पाणी लागू नये म्हणून सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात. पाण्यात टाकल्यावर लिथियम संथपणे बुडबुडे सोडतं, सोडियम वितळून गोळी होऊन पृष्ठभागावर पळतं, पोटॅशियम जांभळट ज्योतीने पेटतं आणि खालची दोन स्फोट करतात. पकड ढिली पडत जाण्याचा जिना इथे डोळ्यांना दिसतो. शाळेत सोडियमचा प्रयोग फक्त शिक्षकांनी, तांदळाएवढ्या तुकड्याने करायचा असतो. घरी तो करायचाच नाही.

घरी करायचा तो हळदीचा प्रयोग. चिमूटभर हळद पाण्यात कालवून कागदावर फासा आणि वाळू द्या. त्यावर धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंबभर टाका, डाग लालसर होतो. हळद सांडलेला कपडा साबणाने धुताना डाग लाल होतो तोही याच कारणाने. पाण्याशी गाठ पडली की या गणातले धातू अल्क तयार करतात, त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात सूत रंगवणाऱ्यांच्या कामातला कॉस्टिक सोडा हाही सोडियमचाच अल्क, आणि त्याने हात भाजतात हे तिथल्या घरातल्या मुलांना मी सांगायची गरज पडत नाही.

इथे एक फसवी जागा आहे. घनता खाली जाताना वाढते असं मुलं बिनदिक्कत लिहितात. लिथियम ०.५३, सोडियम ०.९७, पोटॅशियम ०.८६. पोटॅशियम सोडियमपेक्षा हलकं निघालं. असा आकडा झाकून जिना सरळ दाखवायला मला आवडत नाही. कल दाखवणं म्हणजे बहुतेक वेळा काय होतं ते सांगणं, हे मुलांना लवकर कळलेलं बरं.

दुसरा गण आपल्या जिल्ह्याला फार जवळचा. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरे थर बसतात, डाळ शिजायला वेळ लागतो. हे सगळं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. हाच फरक परीक्षेतही उपयोगी पडतो: सोडियमचं कार्बोनेट पाण्यात विरघळतं, कॅल्शियमचं विरघळत नाही. म्हणूनच क्षाराच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की कॅल्शियम कार्बोनेट गढूळ होऊन तळाशी बसतं आणि वरच्या पाण्याला फेस येतो. एका ग्लासात करून पाहा. दोन शेजारी गणांमधला फरक ग्लासात तरंगताना दिसेल. तुरटी फिरवून मात्र क्षार जात नाहीत, तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो.

या गणाकडे दोन संयुजा इलेक्ट्रॉन असतात, आणि दोन द्यायला एक देण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. म्हणून हे धातू अल्क धातूंपेक्षा शांत. मॅग्नेशियमला गार पाणी फारसं काही करत नाही, वाफ लागते. कॅल्शियम गार पाण्यात बुडबुडे सोडतं, बेरियम त्याहून जोरात. जिना इथेही खालीच उतरतो.

याच गणाचे रंग तुम्ही गड्ड्याच्या होम मैदानावर पाहिले आहेत. यात्रेतल्या शोभेच्या दारूकामात आभाळात लाल फुटतं ते स्ट्रॉन्शियम, हिरवं बेरियम, नारिंगी-विटकरी कॅल्शियम. लख्ख पांढरा उजेड मॅग्नेशियमचा, पिवळा शेजारच्या गणातल्या सोडियमचा, निळा तांब्याचा. ज्योतीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर उडी मारतो आणि परत येताना ती ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून रंगही वेगळा. आमटी उतू गेल्यावर गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते ना? ती आमटीतल्या मिठाच्या सोडियमची.

आता एकदम उजवीकडे, सतराव्या गणाकडे. हॅलोजन या नावाचा अर्थ मीठ तयार करणारा. माझ्या वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं एका बाकावर बसतात, आणि तेलुगू-कन्नड दोन्ही घरांत मिठाला उप्पूच म्हणतात. मग वर्गात सोडियम क्लोराइडचं नाव उप्पूच पडून जातं, आणि या गणाचं नाव मुलं जन्मभर विसरत नाहीत.

हॅलोजनकडे सात इलेक्ट्रॉन, एकाची कमतरता. अवस्थांचा जिना पाहा: फ्लुओरीन आणि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन स्थायू. उत्कलनांक वरून खाली उणे १८८, उणे ३४, ५९ आणि १८४ अंश. रंगही गडद होत जातो, फिकट पिवळ्यापासून हिरवट पिवळा, मग तांबूस तपकिरी, शेवटी जवळजवळ काळा. पहिल्या गणात द्रवणांक उतरत होते, इथे चढतात, हा फरक ठळक लिहा. धातूत अणू मोठा झाला की धातुबंध सैल होतो. हॅलोजनमध्ये रेणू मोठा झाला की रेणूंची एकमेकांवरची ओढ वाढते.

क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीनला हुसकावतं आणि ब्रोमीन आयोडाइडमधून आयोडीनला. उलटं होत नाही. दुसऱ्या संध्याकाळचा उजवा बाण वर काढला तो यासाठीच.

आयोडीनचं औषध ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर एक थेंब टाका, निळसर काळा डाग पडेल. ती भाकरी नंतर टाकून द्या. मग कोणीतरी विचारतंच, आयोडीनयुक्त मीठ टाकलं तर भाकरी का काळी होत नाही? कारण त्या मिठात सुटं आयोडीन नसून पोटॅशियम आयोडेट असतं. गणाचा जो स्वभाव आपण सांगतो तो मूलद्रव्याचा, संयुगात गेल्यावर तो बदलतो. सोडियम पेटतं, क्लोरीन विषारी, आणि दोघांचं मीठ आपण रोज खातो.

या गणाबद्दल प्रत्येक घराने लक्षात ठेवावं असं एक. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं आम्ल कधीही एकत्र ओतू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. धड्यातली ही ओळ मी परीक्षेत येणार नसली तरी शिकवते.

अठराव्या गणासाठी फुगेवाला पुरतो. हेलियमचं कवच भरलेलं, म्हणून तो कशाशी जळत नाही. हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, तो ठिणगी लागताच भडकतो. फुगा दोन्हींनी वर जातो, त्यामुळे जत्रेतल्या गॅसच्या फुग्यात नेमकं काय भरलंय हे नुसतं पाहून कळत नाही. लहान मुलांच्या हातातला असा फुगा दिव्याजवळ किंवा विस्तवाजवळ नेऊ नये. हेलियमची पहिली खूण आपल्याच देशाच्या आकाशात सापडली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यात दिसलेली पिवळी रेघ पुढे कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची ठरेना. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं, तो विल्यम रॅम्झी यांनी शोधला.

मधले गण मी थोडक्यात उरकते, पण एक ओळख सांगते ती किराणा दुकानातली. मीठ, खायचा सोडा, चुना, तुरटी: सगळ्या पुड्या पांढऱ्या, त्यांचे धातू पहिल्या, दुसऱ्या आणि तेराव्या गणातले. मोरचूद निळा, हिराकस हिरवट, पोटॅशियम परमँगनेट जांभळं: रंग आला की बहुधा संक्रामक धातू. जस्ताचे क्षार पांढरेच असतात, तेवढा अपवाद धरा. सांगोल्याकडची डाळिंबवाली मंडळी जे बोर्डो मिश्रण फवारतात त्यात हे दोन्ही गट भेटतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना, म्हणजे अकराव्या गणातलं तांबं आणि दुसऱ्या गणातलं कॅल्शियम. मिश्रण जमलं का हे पाहायला शेतकरी लोखंडी सुरी त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना लागतो. लोखंड तांब्याहून अभिक्रियाशील, म्हणून ते तांब्याला विस्थापित करतं. आणि याच कारणाने हे मिश्रण लोखंडी भांड्यात कालवत नाहीत, प्लास्टिकचं पिंप घेतात.

चौदावा गण मात्र घाई करून सोडू नका. कार्बन अधातू, सिलिकॉन आणि जर्मेनियम धातुसदृश, कथिल आणि शिसं धातू. खाली जाताना धातूगुण वाढतो हे वाक्य एका रकान्यात कुठे दिसत असेल तर ते इथे. कोळसा, मोबाइलमधली चिप, पितळेच्या भांड्याची कल्हई आणि गाडीची बॅटरी, चौघांना एका खाली एक लिहा.

चौथी संध्याकाळ: झाकलेलं घर

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा काही घरं मोकळी सोडली आणि पुढे त्या न सापडलेल्या मूलद्रव्यांना संस्कृत एक हा शब्द जोडून नावं दिली. ॲल्युमिनियमच्या खालचं ते एका-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचं एका-सिलिकॉन. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं तेव्हा त्याची घनता ४.७ मोजली गेली. मेंडेलीव्हचा अंदाज ५.९ च्या आसपास होता आणि त्याने नमुना पुन्हा शुद्ध करून मोजायला सुचवलं. शुद्ध केल्यावर ५.९ च आली. एका-सिलिकॉनचं अणुवस्तुमान त्याने ७२ सांगितलं होतं. १८८६ मध्ये सापडलेल्या जर्मेनियमचं ७२.६ आहे.

तुम्हीही तेच करा. रुबिडियमच्या घरावर कागद ठेवा. वरचं पोटॅशियम ६३.५ अंशांना वितळतं, खालचं सिझियम २८.५ ला. सरासरी ४६, प्रत्यक्षात ३९.३. अंदाज थोडा चुकला, पण दिशा बरोबर. आता ब्रोमीन झाका. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५, आयोडीनचं १२६.९, सरासरी ८१.२, खरं ७९.९. तीन सारख्या मूलद्रव्यांत मधल्याचं अणुवस्तुमान दोन्ही टोकांच्या सरासरीजवळ येतं, डोबरायनरची त्रिकं म्हणतात ती हीच. मग नुसत्या आकड्यांवर थांबू नका. संयुजा किती, ऑक्साइड आम्लधर्मी की आम्लारिधर्मी, पाण्याशी काय करेल, क्लोरीनबरोबरच्या संयुगाचं सूत्र काय, हे सगळं शेजाऱ्यांवरून लिहून काढा आणि मगच कागद उचला.

ऑक्साइडसाठी साखर कारखाना आठवा. उसाचा रस स्वच्छ करताना त्यात चुना आणि गंधकाचा धूर सोडतात. डावीकडच्या कॅल्शियमचं ऑक्साइड आम्लारिधर्मी, उजवीकडच्या गंधकाचं आम्लधर्मी, आणि दोघं मिळून जो साका तयार होतो तो मळ घेऊन खाली बसतो.

सुरुवात स्ट्रॉन्शियमपासून करा. वर कॅल्शियम, खाली बेरियम, आणि रंग तर तुम्ही यात्रेत पाहिलेलाच आहे.